इमला थोरल्यांचा, जमीन फझेंदाराची

काकूंच्या माहेरी नवरात्रात श्राद्ध असायचं. घटावर पाचवी माळ चढायची त्याच दिवशी, ललितापंचमीला, पणजोबांची तिथी. एका शेगडीवर देवीचा नैवेद्य, दुसऱ्या शेगडीवर श्राद्धाचा स्वयंपाक, आणि गच्चीवर कावळ्याला पान ठेवायला पोरांमध्ये मारामारी. तिथी घरात पक्की होती. साल मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. ‘प्लेगात गेले’, एवढंच.

मी फोर्टातल्या एका सॉलिसिटरांकडे एकतीस वर्षं कोर्ट क्लार्क होतो. आता घरी बसून ओळखीपाळखीच्यांचे जुने सर्च, म्हणजे मिळकतीच्या जुन्या कागदांचे शोध, करून देतो. काकू आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या, निवृत्त शिक्षिका. सोबत त्यांचा भाचा होता. गिरगावात जिथे पणजोबांची चाळ होती तिथे आता टॉवर उभा राहतोय, आणि ‘आपलं काही निघतं का’ हे त्याला बघायचं होतं.

घरात चालत आलेली गोष्ट अशी. पणजोबा, म्हणजे घरच्या भाषेत ‘थोरले’, सुतारकामाचे मक्तेदार, म्हणजे कंत्राटदार. गिरगावात स्वतःची चाळ. ते गेले तेव्हा दोन्ही मुलं लहान. धाकट्या भावाने विधवा वहिनीचा अंगठा घेतला, चाळ विकली आणि पैसे खाल्ले. ‘धाकट्यां’चं नाव या घरात चार पिढ्यांत कुणी धड घेतलेलं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं, तेही पापाचं फळ म्हणून सांगायचे.

पुरावे दोन होते. एक, इंग्रजीत टाइप केलेली मृत्युपत्राची प्रत, वरचा कोपरा फाटलेला, त्यामुळे कोर्टातल्या प्रोबेटच्या अर्जाचा नंबर गेलेला. (प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला.) त्यात स्वच्छ लिहिलं होतं की गिरगावचं ‘हाउस’ दोन्ही मुलांना सारखं द्यावं. दुसरा, इंडेक्स दोनचा, म्हणजे खरेदीखतांच्या सरकारी नोंदवहीचा, जुना उतारा. लिहून देणार, म्हणजे विकणारा, म्हणून धाकट्यांचं नाव. भाच्याच्या मते यात आणखी शोधण्यासारखं काही नव्हतंच.

मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं की शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदणीकृत खरेदीखतावर आज हक्क सांगायला जाशील तर वकिलाची फी तेवढी जाईल. त्याचा चेहरा पडला. काकू म्हणाल्या, “हक्काचं जाऊ द्या हो. झालं काय ते कळेल का?” म्हणून हे काम घेतलं.

मृत्युपत्रावर तारीख होती १९१६ ची. माणूस कधी गेला हे मृत्युपत्रात कसं असणार? आणि मृत्यूचं साल नसेल तर पुढचं सगळं अंधारात. अशा वेळी मुंबईकर माणूस महापालिकेकडे धावतो. मी गावाकडे बघतो. कोकणातल्या माणसाची मुंबईत चाळ असो नाहीतर बंगला, गावात चार गुंठे असतातच, आणि तो गेला की सातबाऱ्यावर वारस लावावे लागतात. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे फेरफाराची जुनी वही मिळण्याची आशा असते. थोरल्यांचं गाव राजापूर तालुक्यात. भाचा दोनदा जाऊन आला, तिसऱ्यांदा नक्कल घेऊन आला. फेरफार १९२१ चा: खातेदार ‘तीन वर्षांमागे मुंबई मुक्कामी मयत’, वारस दोन मुलगे, नावांपुढे ‘अ. पा. क. आई’. अज्ञान पालनकर्ती आई. भाच्याला वाटलं होतं की ते कुणाचं तरी आडनाव आहे.

१९२१ तून तीन वजा, १९१८. १९१८ चं पंचांग काढलं. त्या वर्षी घटस्थापना ६ ऑक्टोबरला येते, म्हणजे ललितापंचमी १० ऑक्टोबरच्या सुमाराला. प्लेग मुंबईत मांडवीला सुरू झाला तो १८९६ मध्ये. १९१८ च्या ऑक्टोबरात मुंबईत माणसं पटापट मरत होती ती मानमोडीने, म्हणजे ज्याला आता स्पॅनिश फ्लू म्हणतात त्याने. शहरातले सगळ्यात वाईट दिवस त्याच महिन्याच्या सुरुवातीचे. घरातल्या कुणीतरी पुढे कधीतरी ‘साथीत गेले’ याचं ‘प्लेगात गेले’ केलं असणार. साथ म्हटलं की मुंबईत प्लेगच आठवायचा.

साल मिळालं म्हणजे कोर्टाच्या रजिस्टरात प्रोबेट मिळालं असं नाही. नवशिके इथेच फसतात. १९१८ चं रजिस्टर काढतात, १९१९ चं काढतात, नाव नाही म्हणून परत जातात. प्रोबेटच्या अर्जाला मृत्यूपासून मुदत नाही. उशीर झाला तर त्याचं कारण द्यावं लागतं, इतकंच. आणि हिंदू घरात कोणी हौसेने प्रोबेट घेत नसे. कोर्टाची फी कोण भरणार? मिळकत विकायची वेळ आली, समोरच्या सॉलिसिटराने कागद मागितला, की मग धावाधाव. म्हणून रजिस्टर बघायचं ते विक्रीच्या सालाच्या आसपासचं. इंडेक्स दोनचा उतारा १९२३ चा होता. मी तिथून मागे यायला लागलो.

नावाचाही घोळ असतो. आज आपण आडनाव शोधतो. तेव्हा हिंदूचं नाव रजिस्टरात पहिल्या नावाच्या अक्षरावर बसवायचे. मागे वडिलांचं नाव, आणि आडनावाच्या जागी बऱ्याचदा जात किंवा धंदा. काकूंच्या माहेरचं आजचं ‘-कर’ आडनाव त्या कागदांत कुठेच नाही. तिथे थोरले ‘सुतार’ आहेत, तेही दोन ‘ओ’ घातलेले. त्यांचं पहिलं नाव ‘व’चं. वामन, वासुदेव, विठ्ठल ही नावं तेव्हाचे कारकून सर्रास डब्ल्यूने लिहीत. मी दोन दिवस व्हीच्या पानांवर घालवले. एवढी वर्षं या धंद्यात काढून मला हे आधी सुचू नये! तिसऱ्या दिवशी डब्ल्यूखाली थोरले सापडले. अर्ज १९२२ चा.

फाइल बाहेर यायला वेळ लागला. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, अर्ज, फेऱ्या. ते सांगत बसत नाही.

फायलीत काय असतं हे मात्र सांगायला हवं, कारण मृत्युपत्र म्हणजेच सगळं अशी लोकांची समजूत असते. मृत्युपत्र हा फायलीतला सगळ्यात जपून बोलणारा कागद. खरं बोलतात ते त्याच्याभोवतीचे कागद. अर्जात मयताचा धंदा, राहण्याची जागा, जवळचे नातलग असतात. एका तरी साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र असतं, आणि तो सांगतो की सही कुठे झाली, कुणासमोर झाली. शेवटी मालमत्तेची यादी. तिचे दोन भाग: पहिल्यात मयताचं येणं आणि असणं, दुसऱ्यात देणं. कोर्ट फी ठरते ती देणं वजा जाता राहिलेल्या रकमेवर. त्यामुळे देण्याच्या यादीत माणूस काही विसरत नाही. वाण्याची उधारीसुद्धा लिहून काढतो. मला शोधात सगळ्यात जास्त भरवसा वाटतो तो या यादीवर. असण्याच्या यादीत लोक किमती पाडून लिहितात, म्हणून तिथे निम्माच भरवसा ठेवावा.

थोरल्यांच्या असण्याच्या यादीत होतं: रे रोडच्या वखारीतलं सागवान, सुताराची हत्यारं दोन पेट्या, सोन्याची भिकबाळी एक, तांब्या-पितळेची भांडी, दोन गिऱ्हाइकांकडून येणं असलेली मक्त्याची बाकी, आणि गिरगाव बॅक रोडवरची मिळकत. गिरगाव बॅक रोड कुठला, हे भाच्याने मोबाइलवर शोधून पाहिलं. सापडेना. तो म्हणजे आजचा विठ्ठलभाई पटेल रोड. मिळकतीला म्युनिसिपालिटीचा नंबर, कलेक्टरचा जुना नंबर, नवा नंबर, आणि लॉटन सर्व्हेचा नंबर. कर्नल लॉटन यांनी मुंबई शहर मोजलं ते १८६५ ते १८७२ च्या दरम्यान. त्यांच्या नंबराला आजच्या सी. एस., म्हणजे कॅडस्ट्रल सर्व्हेच्या, नंबराशी जोडून घेतलं की जुन्या कागदातली चाळ आजच्या नकाशावर नेमकी कुठे येते ते कळतं. भाच्याचा टॉवर त्याच जागेवर निघाला. एवढं त्याचं बरोबर होतं.

देण्याची यादी दीड पान. डॉक्टर, बारा रुपये. क्रियाकर्म, पंच्याऐंशी. वाणी, लाकूडवाला, दोन कारागिरांची मजुरी. गहाणखताचं मुद्दल आणि चार वर्षांचं व्याज. हा आकडा बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा. लढाईच्या काळात माल महागला होता, आणि जुन्या भावाने मक्ता घेतलेला माणूस त्यात अडकला होता, हे यादी वाचताना दिसत होतं. आणि गहाणाच्या खाली एक ओळ: तीन वर्षांच्या ग्राउंड रेंटची थकबाकी.

मी तिथे थांबलो. घर जर थोरल्यांचं, तर जमिनीचं भाडं ते कुणाला देत होते?

मृत्युपत्र मुळात मोडीत होतं. कोर्टाची भाषा इंग्रजी, म्हणून कोर्टाच्या भाषांतरकाराने केलेला तर्जुमा अर्जाला जोडावाच लागायचा. प्रोबेट मिळालं की घरच्यांच्या हातात पडायची ती कोर्टाच्या शिक्क्याची नक्कल. मूळ मृत्युपत्र कायमचं कोर्टात राहतं. या घरात चार पिढ्यांनी जपलं ते इंग्रजी भाषांतर. थोरल्यांच्या स्वतःच्या शब्दांत मृत्युपत्र कुणी वाचलेलंच नव्हतं.

मोडी मला अडखळत येते. म्हणून नक्कल घेऊन पुण्याला एका मोडीवाचक बाईंकडे गेलो. मोडीत शब्द तोडत नाहीत. वर एक लांब रेघ ओढायची आणि खाली अक्षरं एकाला एक लागून चाललेली. ‘इ’ ऱ्हस्व-दीर्घ असा वेगळा नाही. बाईंनी भिंग धरलं, बोट रेघेखालून सरकवत नेलं आणि एका जागी टेकवलं. “हे ‘घर’ नाही हो. ‘ईमला’ आहे. आणि पुढे बघा, ‘जमीन फजेंदाराची, भुईभाडे दरसाल देत आहे’.”

इमला! म्हणजे नुसतं बांधकाम. भिंती, लाकूड, कौलं. खालची भुई दुसऱ्याची. फझेंदारी हा मुंबईतला जुना धारणाप्रकार, शब्द पोर्तुगीज. जमीन फझेंदाराची, त्यावर बांधणारा वर्षाला भुईभाडं भरणार आणि आपला इमला विकू-गहाणू शकणार. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवीकडे ज्यांनी कागद चाळलेत त्यांना हे नवीन नाही. भाषांतरकाराने ‘इमला’ला ‘हाउस’ लिहिलं आणि भुईभाड्याचं वाक्य एका लहानशा उपवाक्यात गुंडाळलं. खोटं काही लिहिलं नाही. पण टाइप केलेली प्रत हातात आली तेव्हा घरच्यांनी ‘हाउस’ वाचलं, आणि डोळ्यांसमोर उभी राहिली जमिनीसकट चाळ.

मोडीतलं मृत्युपत्र आणखी दोन गोष्टी सांगतं. थोरल्यांनी आवर्जून लिहिलंय की इमला ‘स्वकष्टार्जित’, वडिलोपार्जित नाही. हा शब्द मृत्युपत्रात उगाच येत नसे. तेव्हाच्या कायद्याने एकत्र कुटुंबातला हिस्सा मृत्युपत्राने देता येत नव्हता; तो अधिकार १९५६ च्या वारसा कायद्याने आला. दुसरी गोष्ट पत्नीची: मागल्या अंगणाकडच्या दोन खोल्या हयातीपर्यंत राहायला, आणि महिना दहा रुपये. विधवेला मुलाइतका वाटा मिळायला लागला तो १९३७ च्या कायद्याने, आणि तोही हयातीपुरता. १९१८ मध्ये तिच्या नशिबी फक्त पोटगी, ती कुठे किती मिळेल हे पोरांच्या पालकांवर. थोरल्यांनी ते लिहून बांधून ठेवलं.

साक्षीदार वाडीतला एक कंपोझिटर. त्याचं प्रतिज्ञापत्र सांगतं की सही वखारीत झाली, दिवेलागणीला, आणि ‘मयताच्या कुटुंबास याची वर्दी नव्हती’. का नव्हती? कर्जाचा आकडा घरी कळू द्यायचा नव्हता, असा माझा अंदाज. तो अंदाजच. कागदात नाही.

मृत्युपत्राने व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमले होते दोन. एकाने नकार दिला. उरले धाकटे. म्हणजे इंडेक्स दोनमधलं धाकट्यांचं नाव मालक म्हणून नाही, एक्झिक्युटर म्हणून आहे. इंडेक्सात एवढं सगळं लिहीत नाहीत; नाव येतं, हुद्दा खतात असतो. खताची पूर्ण नक्कल ओल्ड कस्टम हाउसमधल्या नोंदणी कार्यालयातून काढली. त्यात सगळं आहे: १९१६ चं मृत्युपत्र, १९२२ चं प्रोबेट, गहाणदाराची नोटीस, कर्ज फेडण्यासाठी इमला विकणं भाग आहे हे. इमला. खत इंग्रजीत, पण त्या वकिलाने ‘सुपरस्ट्रक्चर’ शब्द नीट वापरलाय. आणि शेवटी संमती देणारी म्हणून थोरल्यांची बायको, ‘निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची’. अंगठा आहेच. पण तो लावलाय या कलमाखाली: दोन खोल्यांत तिने हयातीपर्यंत विनाभाडं राहावं आणि घेणाऱ्याने हरकत करू नये.

काकूंना हे वाचून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पणजीच्या खोलीला भाडं नव्हतं. मी सहा वर्षांची होते ती गेली तेव्हा. ती गेल्यावर महिन्याभरात मालकाचा माणूस भाडेपावतीचं पुस्तक घेऊन आला आणि बाबांनी त्याला जिन्यातूनच परत पाठवलं. आई म्हणायची, एवढी वर्षं भाडं मागितलं नाही, मालकाला मनातून लाज होती.”

भाच्याने कुठूनतरी वाचून कलम १४ काढलं. १९५६ च्या कायद्यात स्त्रीची मर्यादित मालकी पूर्ण होते, आणि पोटगीपोटी मिळालेल्या मिळकतीला ते लागतं असं सुप्रीम कोर्टाने १९७७ च्या तुलसम्मा निकालात म्हटलंय. मग त्या दोन खोल्या पणजीच्या झाल्या की नाहीत? प्रश्न चांगला आहे. मालकी आणि नुसता राहण्याचा हक्क यांत फरक आहे, खोल्या आता उरलेल्या नाहीत, आणि मी क्लार्क आहे, वकील नाही, असं मी त्याला सांगितलं. आणखी एक सांगितलं, कारण या गैरसमजाने कितीतरी घरं कोर्टात पैसे ओततात: प्रोबेट फक्त मृत्युपत्र खरं आहे एवढं ठरवतं. मिळकत कुणाच्या मालकीची, हे प्रोबेट देणारं कोर्ट बघत नाही. थोरल्यांनी ‘जमीन माझी’ लिहिलं असतं, तरी प्रोबेट मिळालंच असतं.

म्हणजे धाकटे निर्दोष? काकूंना मी तसं म्हणायला तयार नव्हतो. एक्झिक्युटरने प्रोबेट मिळाल्यावर सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात दाखल करायचा असतो. तेव्हाच्या १८८१ च्या कायद्यात होतं, १९२५ च्या कायद्यातही आहे. यादी फायलीत आहे. हिशेब नाही. इमल्याच्या किमतीतून गहाण, व्याज, भुईभाडं, बाकी देणी वजा केली, तर काही शे रुपये उरायला हवेत. ते मुलांना मिळाले का, पणजीच्या महिना दहा रुपयांत गेले का, की धाकट्यांच्या खिशात, हे सांगणारा कागद नाही. हिशेब न देणारे एक्झिक्युटर मी ढिगाने पाहिलेत, त्यातले बहुतेक चोर नव्हते, आळशी होते. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत.

हे सगळं मी त्यांच्यासमोर मांडलं तेव्हा पितृपक्षाला आठ दिवस होते. भाचा म्हणाला, “आत्या, मग धाकट्यांचंही घालायला हवं की आता.” तिथी माहीत नव्हती, गावच्या फेरफारात धाकट्यांचं नाव शोधावं लागलं असतं, मी ते बोलूनही दाखवलं.

काकूंनी चष्मा काढून पुसला. “या वर्षी सर्वपित्रीला त्यांचं एक पान वाढा,” त्या भाच्याला म्हणाल्या. “वेगळी तिथी हिशेब सापडला की बघू.”